पिवळ्या ओठांचा मासा

हे मी अजून कोणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही. आईपाशी तर नाहीच — ती गेली, आणि तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. दादाला सांगायला एकदा तोंड उघडलं होतं, पण त्याने चहा घेणार का म्हणून विचारलं आणि मी हो म्हटलं. तेवढ्यावरच राहिलं. आता तुम्हाला का सांगतेय? खरं तर मलाही नीट ठाऊक नाही. सांगतेय, एवढंच.

मी मूळची फटकळ. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये मंजूच्या तोंडी लागू नये असं सगळे म्हणायचे, आणि मला त्याचा केवढा अभिमान. खरं बोलायला मी कोणाच्या बापाला भीत नाही, असं मीच सांगत सुटायचे. तर आता ऐका, ही खरं बोलणारी बाई काय करून बसली ते.

नव्वदनंतरची पहिली दुसरी वर्षं असतील. मी प्राणिशास्त्रात बीएस्सी करून कल्याणला एका लॅबमध्ये लागलेले. रक्त, लघवी, थुंकी तपासायची. अप्पा — म्हणजे माझे वडील — नुकतेच रिटायर झालेले, आणि दिवस कसा काढायचा हे काही त्यांना जमत नव्हतं. पेपर वाचावा तर मोतीबिंदू. मग मीच त्यांच्या डोक्यात भरवलं. गोल्डफिश काय, कोणाकडेही असतात. आपण खाऱ्या पाण्याची टाकी करू. खरा समुद्र घरात आणू.

आणि आणला हो. अप्पांच्या ऑफिसात एक कोळी मित्र होते, त्यांचा भाऊ होडी घेऊन लांब गेला की तिथलं स्वच्छ पाणी कॅनमध्ये भरून द्यायचा. खाडीचं गढूळ पाणी चालत नाही. ते पाणी आम्ही अप्पांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचो. टीव्हीच्या शेजारी टाकी, आत प्रवाळाचे दगड, मधोमध एक समुद्रफूल — फूल म्हणायचं, असतो तो प्राणीच — आणि त्याच्या मऊ बोटांमध्ये लोळणारी नारिंगी पांढऱ्या पट्ट्यांची क्लाउन माशांची जोडी. अप्पा त्यांना लेक-जावई म्हणायचे. माहेर सोडून जायचं नावच घेत नाहीत, म्हणायचे. काचेला नाक लावून बसायचे, कारण लांबून त्यांना फक्त रंग हलताना दिसत. बघणं थोडं आणि मला विचारणं जास्त.

अशा टाकीत खरं कौशल्य कशात असतं, सांगू? पाण्यात नाही. पाणी मोजता येतं. कोणाला कोणाबरोबर ठेवायचं, यात असतं. एखादा मासा दिसायला गरीब, पण दुसऱ्याच्या शेपट्या कुरतडतो. एखाद्याला स्वतःच्याच जातीचा दुसरा खपत नाही. एखादा लहान असतो तोवर गोड, मोठा झाला की शेजाऱ्याला गिळतो. हे सगळं मी एका प्रोफेसरांच्या पुस्तकातून घोकलेलं. त्याच सुमाराला घरात दादासाठी मुली बघणं चाललेलं, आई पत्रिका घेऊन बसलेली असायची. मी म्हणायचे, माझ्या टाकीतही पत्रिका बघितल्याशिवाय कोणी यायचं नाही. अप्पा खूप हसायचे. मग नवा मासा आला की तेच विचारायचे, मंजू, पत्रिका बघितलीस ना याची?

दादाचं टिटवाळ्याच्या मुलीशी ठरलं. सुमन. आमची वहिनी. बीए झालेली, बोलायला मऊ, आणि हसू आलं की तोंडावर पदर घेणारी. लग्नाला पाहुणे येणार, सगळे टाकी बघणार. आणि मी ठाण्याला नौपाड्यातल्या माशांच्या दुकानात उभी होते तेव्हा तो मला दिसला. ट्रिगर. हाताच्या बोटाएवढा. काळसर हिरवं अंग, त्यावर कोणी चुन्याने रेघा ओढाव्यात तशी नक्षी, आणि ओठ पिवळेधमक. नटून थटून लग्नालाच निघालेला जणू. काचेपाशी येऊन डोळे फिरवून माझ्याकडे बघत राहिला.

हा मासा एकटाच ठेवावा, इतरांत सोडू नये. हे मला माहीत होतं. पुस्तकात ते पान कोणत्या बाजूला आहे तेही माहीत होतं. अज्ञानाने केलं असं म्हणायची सोयच नाही मला.

मी तो आणला. मनात म्हटलं, लहान आहे, लग्न पार पडू दे, मग बघू. अप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, छत्तीस गुण जुळतात, अप्पा. ते समाधानाने काचेला नाक लावून बसले. ते माझं पहिलं खोटं. त्या वेळी ते खोटं वाटलंसुद्धा नाही, गंमत वाटली.

वहिनी माप ओलांडून घरात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी निळा डॅमसेल मासा दगडाशी आडवा पडलेला. शेपूट अर्धी नाही. मी जाळीने काढला. आईने आधी माशाकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे, जिथे वहिनी सासरचा पहिला चहा करत होती. म्हणाली, कालच पाऊल लागलं गं घराला.

मी ऐकलं. नीट ऐकलं. पण घरात पाहुणे होते, अप्पा मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना टाकी दाखवत होते — म्हटलं, नंतर सांगू. तुम्हीही असंच म्हणाला असतात का? मला ते विचारायचा हक्क नाही, पण मनात येतं.

पाहुणे गेले. मी आणि दादा सकाळीच कामाला निघायचो, आई देवळात, भाजीला. घरी अप्पा आणि वहिनी. तिला टाकीचं फार वेड लागलं. ती अप्पांशेजारी स्टूल घेऊन बसायची आणि त्यांना सांगायची — आता लेक बाहेर आली, आता जावई मागे गेला. अप्पांचे डोळे झाली म्हणा ना. माझं ते काम होतं, आणि तिने ते माझ्यापेक्षा चांगलं केलं. हेही कुठेतरी मला टोचलं असणार. असणार काय, टोचलंच.

दिवसभर बघणारीला दिसायचं ते दिसतंच. एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना ती हळूच म्हणाली, "मंजू, तो पिवळ्या ओठांचा आहे ना, तो बाकीच्यांच्या शेपट्या तोडतो बहुतेक. मी बघितलं गं."

मी म्हटलं, "वहिनी, तू नवीन आहेस. खेळतात ते."

ती गोरीमोरी झाली. सॉरी हं, मला काय कळतं त्यातलं, म्हणाली. आणि चिमटे लावत राहिली. तो मासा त्याच दिवशी काढला असता तर? काढता आला असता. वेगळ्या बादलीत टाकायचा, परत दुकानात द्यायचा. पण अप्पांनी विचारलं असतं, का गं? आणि छत्तीस गुणांचं काय झालं हे मला सांगावं लागलं असतं. माझ्याकडून चूक झाली — तीन शब्द. ते वाचवण्यासाठी मी एकेक मासा मरू दिला.

मग ती लेक गेली. समुद्रफुलाबाहेर आली असेल तेव्हा त्याने धरली. जावई दोन दिवस फुलात तोंड खुपसून बसला, मग तोही गेला. अप्पा जेवेनात. आई आता कुजबुजत नव्हती, भांडी घासता घासता सरळ बोलायची. पायगुण. पायगुण बघायला हवा होता, पत्रिकेत तो दिसत नाही.

एका रविवारी समोरच्या काकू आल्या. त्यांनी टाकी बघितली आणि आईला म्हणाल्या, अहो, वाईट काय वाटून घेता? घरावर येणारं असतं ते मुके जीव अंगावर घेतात. सून लक्ष्मीच्या पावलांची म्हणून तर माशांवर निभावलं. खरं सांगते, आईचा चेहरा सैल झाला. तिला तेच हवं होतं. ती काही दुष्ट बाई नव्हती, तिला कुठलं तरी कारण हवं होतं, आणि काकूंनी भलं कारण हातात ठेवलं. मी नुसती गप्प बसले असते तरी वहिनी त्या दिवशी सुटली असती.

पण मी गप्प बसणाऱ्यातली का? मी म्हटलं, काकू, कसल्या अंधश्रद्धा पसरवताय. मासे कशाला कोणाचं संकट घेतील?

काकू फणकाऱ्याने उठून गेल्या. आई माझ्याकडे वळली. म्हणाली, मग तू सांग. तू यातलं शिकलीस. रोग आहे का काही?

वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन दारात आलेली. ती थांबली. माझ्याकडे बघायला लागली. तिच्या नजरेत राग नव्हता, आरोप नव्हता — ती नुसती वाट बघत होती. तिने डोळ्यांनी बघितलेलं होतं, आणि ते खरं आहे असं म्हणू शकणारी घरात मी एकटी होते. आता मंजू सांगेल. मंजू कोणाला भीत नाही.

मी म्हटलं, पाणी मी तपासलंय. पाणी ठीक आहे. रोगही नाही. शास्त्रात तरी याला काही कारण दिसत नाही.

झालं. हेच सांगायला मी इतका वेळ फिरतेय. काकूंची भली समजूत मी शास्त्राच्या नावाने हाकलली, आणि आईच्या वाईट समजुतीवर त्याच शास्त्राचा शिक्का मारला. वहिनीने बशा टेबलावर ठेवल्या आणि आत गेली. पोहे मी खाल्ले.

इथे थांबले असते तर निदान — नाही, निदान वगैरे काही नाही. पुढचं ऐका. शेवटी टाकीत ट्रिगर एकटा उरला. चांगला गरगरीत झालेला. सगळे मेले आणि हा एकटा मजेत, हे मोतीबिंदू झालेल्या माणसालाही कळलं असतं. वहिनी माहेरी गेलेली, आई देवळात आणि दादा अप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलेला, अशा एका दुपारी मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घेतला, पिशवी पर्समध्ये ठेवली आणि नौपाड्याच्या दुकानात देऊन आले. घरी सांगितलं, तोही गेला.

आई म्हणाली, तोही? आणि कपाळाला हात लावला.

संध्याकाळी वहिनी आली. रिकाम्या टाकीसमोर उभी राहिली. मी सोफ्यावर होते, तिचा चेहरा मला काचेत दिसत होता. जो मारतोय असं तिला वाटलेलं तोच मेला. म्हणजे आपण बघितलं ते चूक. म्हणजे आई म्हणतात तेच खरं. हे तिच्या तोंडावर मी उमटताना बघितलं. त्या दिवसापासून तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला, आणि तो मी पर्समधून नेला.

तिचा कोणी छळ केला नाही. तसं सांगितलं तर तो आईवर अन्याय होईल. नुसतं, तू राहू दे गं. नवा फ्रिज आला, कुंकू दुसऱ्या कोणीतरी लावायचं. दादा इंटरव्ह्यूला निघाला की तिने समोर यायचं नाही. अप्पा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघाले तेव्हा आईने तिला ते जिना उतरेपर्यंत आतच थांबायला सांगितलं. ऑपरेशन छान झालं. ते छान झालं हेही तिच्याच विरुद्ध गेलं. अप्पांना नीट दिसायला लागलं तेव्हा बघायला टाकी नव्हती, आईने तिच्यात कांदे-बटाटे ठेवलेले. पुढे दादा-वहिनी ठाकुर्लीला राहायला गेले. लांब असलेलं बरं, आई म्हणाली, आणि मीही हो म्हटलं.

माझं लग्न झालं. काही वर्षांनी आम्ही ठाण्यात स्वतःची जागा घेतली. गृहप्रवेशाच्या दिवशी सगळे वर गेलेले, मी खालून राहिलेलं सामान घेऊन येत होते. वहिनी जिन्यात उभी, हातात दुधाचं पातेलं. आपल्या हाताने तापवायला नाही, माझ्या हातात द्यायला आणलेलं. चपला पायातच.

म्हटलं, चल ना आत.

ती हसली. तक्रारीचं नाही, एखाद्याने मला वांगं सोसत नाही म्हणावं तितकं साधं. म्हणाली, "तू हो पुढे. दूध उतू गेलं की हाक मार, मग येते मी. माझं पाऊल — तुला माहितीये ना."

मला माहीत होतं. जगात मला एकटीलाच माहीत होतं. जिन्यात आणखी कोणी नव्हतं, घाई नव्हती, ती माझ्याकडे बघत होती, तेव्हा दारातून बघितलं होतं तशीच.

मी म्हटलं, "बरं." पातेलं घेतलं आणि आत गेले.