ओल्या झोळीची उडी

आता गुडघे धरतेत. दोन पायऱ्या उतराच्या त भिंतीचा आधार घ्या लागते. पन याच पायानं म्या कन्हानीच्या डोहात दोन पुरुस उचावरून उड्या मारल्या. नातसुनेले सांगतलं त ते हासते. हासू दे.

सन ब्यांशी-त्र्यांशी असन. सौंसरच्या बाजूले आमचं गाव. नवरा तापानं गेला तवा मोठी पोरगी सात सालाची होती, लहानी चार सालाची. राहाचं सासरीच, सासू आन् दिराच्या घरात. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात कापूस येचाचा आन् घरी येऊन खालमानेनं भाकर खाची. दीड साल म्या कोनासंग हासली नाई. रडली बी नाई, येळच नोता.

आमची येचनीची टोळी पाच जनीची. सकाळी जे ते आपली पात धरे, आन् एखादी मागं राह्यली का बाजूची बाई तिच्या पातीतले चार झाडं येचून तिले संग घे. त्यावर कोनी बोलत नसे. नवरा गेल्यावर महिनाभर माह्या हाताले जोर नोता, तवा माही अर्धी पात त्याईनंच येचली.

शेवटचा येचा सरला का दरसाली टोळी रामाकोन्याकडं डोहावर रोडग्याची पार्टी करे. कनीक, वांगे, गोवऱ्या डोक्यावर घेऊन पैदल जाचं. रोडगे निखाऱ्यात लावले का बाया वरच्या खडकावर चढत आन् डोहात उड्या मारत. हे आमच्या म्होरकीनं शिकोलं होतं. ते लोधीखेड्याची लेक, माहेरच्या विहिरीत भावायसंग शिकलेली. कापूस येचाची झोळी ओली करून कमरेले बांधाची, तिचे मोकळे कोपरे दोन हातानं डोक्याच्या वर धराचे आन् पाय सोडाचे. हवा भरून झोळी छत्रीवानी उघडते, आन् पान्यात पडल्यावर बी फुगलेलीच राह्यते. जिले पोहता येत नाई ते बी तरंगते.

नवरा होता तवा म्या रोडगे भाजाले बसो, खडकावर कधी चढली नोती. त्या साली म्होरकी घरी आली आन् म्हने का औंदा तू बी उडी मारजो. दीर आंगनात दोर वळून राह्यला होता. म्होरकी गेल्यावर तो म्हने, "पार्टीले जा. पन उडी मारून आली त या चुलीवरचं खाचं नाई. भाऊ जाऊन दीड साल झालं, आन् हे चालली नदीत उड्या माराले."

सासू दाळ निसून राह्यली होती. तिनं एक खडा काढून बाजूले टाकला.

दोन पोरीचं पोट त्याच चुलीवर होतं. म्हनून म्या ठरोलं, जाचं, रोडगे भाजाचे, वापस याचं. पोरी सासूजवळ ठेवल्या आन् गेली.

रोडगे लावले. बाया खडकावर चढल्या. पाहतो त चौघी पातीनं उभ्या, जशा वावरात उभ्या राह्यतेत तशाच, आन् मधात माही जागा सोडेल. कोनी हाक मारली नाई, हात बी नाई दाखोला. नुसती जागा सोडून उभ्या होत्या. म्या फुकनी खाली ठेवली आन् चढली.

म्होरकीनं इचारलं, झोळी भिजोली का? म्या हो म्हनलं. भिजोली नोती. झोळी ओली केली का कापूस ओला होते, आन् ओल्या कापसावरून मालकाच्या शिव्या खाल्लेल्या. इतके साल जे झोळी म्या पोरापरीस जपली, ते पान्यात घालाले हातच धजेना. वाटलं, काय फरक पडते.

पडला. कोरड्या कपड्यातून हवा सारी निंगून गेली आन् म्या गोट्यावानी बुडाले लागली. नाकातोंडात पानी. दोघीनं अंबाडा धरून वर वढलं.

"तठी खालतं कापूस होता का वो येचाले?" एक म्हने.

म्होरकीनं खरं सांग म्हनलं, तवा म्या खरं सांगतलं. ते कमरेवर हात ठेवून पाहतच राह्यली. मंग म्हने, "इले मरन चालते, पन झोळी ओली नाई चालत." साऱ्या हासल्या. मले बी हासू आलं, आन् खोकता खोकता म्या किती तरी येळ हासतच राह्यली.

"आता त भिजलीच हाय," म्होरकी म्हने. "चढ."

चढली. आपल्या जागेवर उभी राह्यली. या डाव कोपरे घट्ट धरून पाय सोडले. भस्सकन डोक्यावर झोळी उघडली. पान्यात पडली त मान वरच. बाजूले चौघीच्या झोळ्या फुगलेल्या, अन् त्यात माही बी. तिसऱ्या उडीले मीच पहिले खडकावर होती.

घरी आली त केस ओलेच होते. दीर दारात उभा होता. त्यानं इचारलं, "मारली?"

नाई म्हनता आलं असतं. नदीवर आंघोळ केली म्हनलं असतं त चाललं असतं.

"मारली," म्या म्हनलं. "तीन डाव."

म्या घरात पाय टाकला नाई. आंगनातच तीन गोटे मांडले, बाजूच्या बाईजवळून इस्तू आनला, उरलेली कनीक मळली आन् भाकरी थापाले बसली. पार्टीतली वांग्याची भाजी आनली होती, ते गरम केली. दोन्ही पोरी मांडीशी येऊन बसल्या. त्या दिवसापासून आमी तिघी आपल्याच चुलीवर जेवलो, आन् त्याच चुलीवर म्या दोघीयले वाढोलं, दोघीचे लग्न केले. उड्या माराले बी दरसाली गेली, गुडघे होते तवापर्यंत.

पन त्या दिवशी पहिली भाकर उतरली ना उतरली, त सासू घरातून आपली थाळी घेऊन बाहेर आली. दीर म्हने, माय, अठी ये. तिनं तिकडं पाह्यलं नाई. गोट्याजवळ बसली आन् थाळी माह्यापुढं सरकोली.

"वाढ वो," म्हने. मंग अंमळ जवळ सरकून हळूच म्हने, "खाली जातांनी कसं वाटते?"

म्या सांगाले बसली. भाजी थंडी होऊन गेली, पन बुढीनं सारं आयकूनच घास उचलला.