सुजाताताईंची भूक

अमोलचा फोन आला तेव्हा मी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर गाडी लावायला जागा शोधत होते. शनिवारची सकाळ, रस्त्याच्या दोन्ही कडांना काळपट बर्फाचे ढीग आणि मागे घाईत असलेली बस. "मावशी, आई गेली. आत्ताच..." एवढंच तो म्हणाला. सुजाताताई चार दिवसांपासून न्यूमोनियाने हॉस्पिटलमध्ये होत्या. आदल्या संध्याकाळीच मी त्यांना भेटून आले होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असूनही त्या हाताने खुणा करून नर्सला विचारत होत्या, की मशीनवरचा तो आकडा मघापेक्षा खाली का आला. नर्सने समजावून सांगितलं. ताईंनी मान डोलावली, विद्यार्थिनीने बरोबर उत्तर द्यावं आणि बाईंनी ते मान्य करावं, तशी. त्यांना जाऊन आता सहा आठवडे झाले, आणि मला सगळ्यांत जास्त आठवतं ते त्यांचं हे विचारणं.

लग्न होऊन मी सांगलीहून शिकागोला आले, तेव्हा आमचं पहिलं घर म्हणजे ताईंच्या घराचा वरचा मजला. खाली त्या, त्यांचे यजमान आणि शाळेत जाणारा अमोल. वर आम्ही भाडेकरू. शिकागोत अशी विटांची दुमजली घरं पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांच्या मागे लाकडी जिना आणि लाकडी पोर्च असतो. रोज संध्याकाळी त्या पोर्चवरून सिगरेटचा धूर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत यायचा. मला वाटायचं, शेजारचं कोणी ओढत असेल. एकदा खिडकी लावायला गेले तर खाली पायरीवर ताई बसलेल्या, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत, बोटांत सिगरेट. वर बघून म्हणाल्या, "काहून, धूर येते का वर? सांगायचं ना बाप्पा." दुसऱ्या दिवसापासून त्या अंगण ओलांडून पार गल्लीच्या टोकाला जाऊन उभ्या राहू लागल्या. लपवलं मात्र त्यांनी कधीच नाही. आपल्या मंडळींत बायका त्यांच्याबद्दल कुजबुजायच्या ते त्यांना ठाऊक होतं. "मी ओढते हे खरं आहे, मग त्या बोलतात त्यात खोटं काय," असं म्हणून त्या विषय संपवायच्या.

ताई मूळच्या नागपूरच्या. वस्तीतून सायन्सला गेलेल्या पहिल्या मुलींपैकी एक. इथे येऊन त्यांनी परीक्षा दिल्या आणि हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये निवृत्त होईपर्यंत काम केलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं रक्त तपासल्यामुळे असेल, कुठल्याही गोष्टीला चांगली किंवा वाईट म्हणण्याआधी ती किती आहे हे त्यांना हवं असायचं. मला ताप आला की "बरं नाही" हे उत्तर त्यांना चालायचं नाही. किती, कधीपासून, गोळी घेतल्यावर किती वेळाने उतरला... सगळं सांगावं लागायचं.

एका बाबतीत मात्र त्यांना काहीच कुतूहल नव्हतं, ते म्हणजे जेवण. स्वयंपाक त्या करायच्या, दुसऱ्यांसाठी. पाटवडी रस्सा, वडाभात, सावजी मटण, सगळं आठवणीवर आणि मोजमापावर. स्वतः उभ्याउभ्या दोन घास खाल्ले की पोर्चवर. दर बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडे खीर असायची, पन्नासेक माणसं यायची, आणि ती खीर इतकी गोड असायची की आम्ही सगळे वाटी हातात घेऊन नुसते फिरत राहायचो. आम्ही वरचा मजला सोडून उपनगरात घर घेतलं, अमोलचे बाबा गेले, अमोल नोकरीसाठी सांता क्लाराला गेला, पण खिरीची गोडी कमी झाली नाही, आणि कोणी तोंडही उघडलं नाही.

निवृत्तीनंतरच्या वर्षी त्या अमोलकडे गेल्या असताना जिना चढता चढता मध्येच बसल्या. धाप लागली होती. तपासण्या झाल्या, आणि फुप्फुसांचा आजार बराच जुना आहे असं निघालं. अमोल फोनवर माझ्याशी बोलताना रडवेला झाला होता. ताईंनी आधी निकोटिनचे पॅच लावून पाहिले. "पॅच दंडावर काम करते, माझ्या हाताला काही कामच देत नाही," अशी त्यांची तक्रार. मग एक दिवस मी भेटायला गेले तर त्यांच्या हातात पेनासारखा व्हेप, म्हणजे निकोटिनची वाफ ओढायची इलेक्ट्रॉनिक सिगरेट होती, तंबाखूच्याच चवीची. डॉक्टरांना त्यांनी आधी सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, मी हे लिहून देणार नाही, माझ्या मते सगळंच सुटलेलं बरं. पण सिगरेट खरोखरच पूर्ण थांबणार असेल तर निदान तो धूर तरी आत जाणार नाही. पुढची बरीच वर्षं हे ओढलं तर काय होतं, ते अजून कोणालाच नीट माहीत नाही. आणि दोन्ही एकदम ओढू नका. ताईंना या उत्तरातलं "माहीत नाही" फार आवडलं.

त्यांनी लॅबमध्ये असायची तशी एक जाड वही आणली. तलफ कधी आली, त्याआधी काय चाललं होतं, किती वेळ टिकली, हे सगळं लिहायला लागल्या. पहिल्या महिन्यातलं निरीक्षण त्यांनी मला फोनवर ऐकवलं होतं. "सिगरेट संपते, माधवी. जळून जाते, मग उठून कामाला लागावं लागते. याला शेवटच नाही. दिवसभर हातात आहे, दिवसभर घोट घेते. मला वाटे मी कमी ओढते, मोजलं तर जास्तच." घसा कोरडा पडायचा, सारखं पाणी लागायचं. खोकला तर आधीपेक्षा वाढलाच. त्याचीही एक वेगळी नोंद होती.

दोन महिन्यांनी एका दुपारी मी अचानक गेले. दार उघडायला वेळ लागला आणि घराच्या मागून ओळखीचा वास आला. ताई पोर्चवरून आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मी दोन्ही ओढते आहे. पहिल्या दिवसापासून. सकाळच्या चहाबरोबरची सिगरेट गेलीच नाही, आणि ती आली की आणखी दोन येतात."

मला खरोखर राग आला. मी म्हटलं, "ताई, मग ती वही कशाला? आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो की तुम्ही सोडली."

"वहीत आहे ना ते," त्या म्हणाल्या. "वहीत खोटं नाही लिहिलं. तुला खोटं सांगितलं."

मी पर्स उचलली. चहा न घेताच निघाले. पंधरा दिवस फोन केला नाही, याची आज खंत वाटते... त्या पंधरा दिवसांत त्यांनी एकटीने काय केलं ते मला नंतर कळलं. सकाळी उठल्याबरोबर चहाऐवजी त्या थेट कोट चढवून चालायला जाऊ लागल्या, चहा तासभर पुढे ढकलला, आणि ती पहिली सिगरेट गेली. तिच्यामागून बाकीच्या गेल्या. फोन त्यांनीच केला. "आज तेरावा दिवस. खरं सांगते आहे. येऊन वास घेऊन जा."

वासाचीच गंमत पुढे झाली. त्या मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला आम्ही नेहमीसारखे जमलो. ताई खिरीत साखर घालून, हलवून, सवयीने चव बघायला गेल्या आणि डाव हातात तसाच धरून उभ्या राहिल्या. मग पुन्हा चाखली. स्वयंपाकघरात आम्ही चार-पाच जणी होतो.

"ही इतकी गोड आहे?" त्यांनी विचारलं.

एकीने वाट्या पुसायला घेतल्या.

"दरवर्षी इतकीच असते का?"

"थोडी जास्तच असते ताई," मी म्हटलं.

"आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प बसून खाल्ली?" त्या खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या, डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं सिगरेटीने त्यांच्या जिभेची चवच मारली होती. दूध वाढवून, पुन्हा भात घालून ती खीर कशीबशी माणसांत आणली. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा आमच्याबरोबर ताट घेऊन, बसून जेवण केलं.

त्यानंतर त्यांना भुकेचं वेडच लागलं. व्हेपमधल्या निकोटिनचं प्रमाण त्या टप्प्याटप्प्याने उतरवत होत्या, आणि प्रत्येक टप्प्याला भूक कशी उसळते ते बघत होत्या. निकोटिन भूक दाबतं हे वाचून माहीत होतं. पण आपल्या पोटात ते घडताना बघणं निराळं, असं त्या म्हणायच्या. त्यांच्या मते त्यांचा खरा शोध वेगळाच होता. सकाळी अकराच्या सुमाराला जी जबरदस्त तलफ यायची, ती तलफ नव्हतीच. एकदा त्यांनी व्हेपऐवजी भाकरी आणि जवसाची चटणी खाल्ली, आणि ती गेली. "चाळीस वर्षं मी भुकेला तलफ म्हणत होते," त्या म्हणाल्या. "सांग, यात आश्चर्य आहे की नाही?"

मी विचारलं, की हे सुरू झालं कसं. इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. लॅबमधली पहिली नोकरी, त्या सांगू लागल्या. जेवायला सगळे एका छोट्या खोलीत बसायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी डबा गरम केला आणि कोणीतरी उठून खिडकी उघडली. कोणी काही बोललं नाही, नुसती खिडकी उघडली. "माझ्या ताटाकडे बघून सरकणारी माणसं मी नागपूरला पाहिली होती. इथे त्यांना काही माहीत नव्हतं माझ्याबद्दल, नुसता मसाल्याचा वास आला असेल. पण मला ते एकच वाटलं." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डबा नेलाच नाही. सफाईचं काम करणारी एक बाई बाहेर सिगरेट ओढत असायची, तिने एक दिली. सिगरेट ओढली की पोट गप्प व्हायचं... ताई हे सांगत होत्या ते अगदी शांतपणे, वहीतली जुनी नोंद वाचावी तसं.

सगळं चांगलंच झालं असं मी लिहिणार नाही. वजन वाढलं, साखर थोडी वर गेली. व्हेप शेवटपर्यंत पूर्ण सुटला नाही, अगदी कमी निकोटिनचा का होईना, हाताशी असायचा. जिना चढताना पूर्वीइतकी धाप लागत नव्हती, पण जे फुप्फुस गेलं ते गेलं होतं. माझ्या ओळखीच्या एकीचा नवरा सिगरेट सोडू बघत होता. मी ताईंना म्हटलं, त्याला तुमचा अनुभव सांगा. त्यांनी नकार दिला. "एका माणसावरून काही ठरत नाही. तो डॉक्टरला विचारू दे. माझं बघून तो हे सुरू करेल आणि दोन्ही ओढत बसेल."

त्या गेल्यावर अमोलने डॉक्टरांना विचारलंच, की व्हेपमुळे झालं का. डॉक्टर म्हणाल्या, चाळीस वर्षांच्या सिगरेटी समोर दिसतात. त्यात या तीन वर्षांनी किती भर घातली की किती वाचवलं, ते मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. अमोलला ते उत्तर पचलं नाही. ताईंनी मात्र त्यावर आणखी दोन प्रश्न विचारले असते.

गेल्या रविवारी मी घर आवरायला त्याच्या मदतीला गेले. बऱ्याच वेळाने तो दिसेना म्हणून मागे गेले, तर पोर्चच्या पायरीवर बसलेला, हातात एक छोटा निळा व्हेप. मला बघून त्याने तो लपवला नाही.

"कॉलेजपासून करतोय, मावशी. आय नो. तिला लेक्चर द्यायचो आणि स्वतः..."

"ताईंना माहीत होतं?"

"आधी नव्हतं. तिला वासच यायचा नाही ना. मग एका थँक्सगिव्हिंगला एअरपोर्टवर मला जवळ घेतलं आणि म्हणाली, अमोल, आंब्याचा वास कुठून येते?" हातातल्या आंब्याच्या चवीच्या व्हेपकडे बघून तो हसला. "रागावली नाही. क्वेश्चन्स विचारले. उठल्यावर किती मिनिटांनी लागते, जेवणाआधी की नंतर. मी इरिटेट झालो. म्हटलं, आई, मी तुझं सॅम्पल नाहीये. तर म्हणाली, मी एकटी पुरत नाही रे, आणखी एक माणूस पाहिजे."

"मग?"

"मग काय, तिच्या वहीसारखं फोनमध्ये लिहायला लागलो. अजून लिहितो."

त्याने व्हेप तोंडाशी नेला नाही. मुठीत धरून समोरच्या गल्लीकडे बघत राहिला. ताईंनी विचारलं असतं ते मी विचारलं, "आत्ता काय वाटतंय नेमकं?"

त्याने खरंच विचार केला. पोटावर हात ठेवला. "आय थिंक... भूक लागली आहे. सकाळपासून फक्त कॉफी घेतली."

मी आत जाऊन कुकर शोधला. तांदूळ-डाळ कुठे असते ते मला ठाऊक होतं. अर्धवट भरलेल्या खोक्यांमधून टेबल मोकळं केलं, आणि आम्ही दोघांनी बसून वरणभात खाल्ला. अमोलने दोनदा भात घेतला.