खंडेनवमीला धुतलेलं पातं

मखमलाबादच्या मळ्यात झेंडू लावणाऱ्या घरातला गोरक्ष सातपूरला एका फाउंड्रीत लाकडी पॅटर्न बनवायचा. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचं लाकडी रूप करावं लागतं, ते त्याचं काम. सुताचा फरक त्याच्या बोटाला कळायचा. पण ओझरच्या कारखान्यातली विमानं डोक्यावरून गेली की ह्याची मान वर. विमानाला धावपट्टी लागते, ती मळ्यात कुठली आणायची? म्हणून ह्यानं ठरवलं, सरळ वर उचलणारं करायचं. हेलिकॉप्टर. एका माणसापुरतं, लोखंडी नळ्यांचं, मागे जुन्या मोटारीचं इंजिन.

बायकोला, कुसाबाईला वाटलं, दोन महिन्यांत निवेल हे खूळ. पण सहा वर्षं झाली. सांगाडा गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभा राहिला आणि म्हैससुद्धा त्याला सरावली.

अडलं ते पात्यांपाशी. डोक्यावर फिरायची ती दोन पाती, दहा-दहा फुटांची. देवदाराच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून गोरक्ष ती रंध्यानं तासायचा. पोटाला सपाट, पाठीला फुगीर, मागच्या कडेला पापडासारखी पातळ.

"दोन्ही पात्यांचं वजन सारखं नसलं तर काय हुतं?" कुसाबाईनं एकदा विचारलं.

"मशीन थरथरून मोडतं. आत बसलेला पण," म्हणाला, आणि निवांत चहाचा घोट घेतला. कुसाबाईचा चहा मात्र तसाच गार झाला.

तेव्हापासून तोलायचं काम तिनं आपणहून घेतलं. गोरक्ष दोन्ही पाती एका दांडीला दोन बाजूंनी बांधून मधोमध टांगायचा. कुसाबाईनं जन्मभर बाजारात तागडीत फुलं तोललेली. ती लांबूनच म्हणायची, "उजवं खाली हाय." मग तो उजवं घासायचा. अठ्ठ्याण्णव साली खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दांडी अगदी आडवी थांबली. बाकी पात्यांना वार्निश झालेलं, नुकतंच घासलेलं उजव्याचं टोक तेवढं उघडं होतं. त्याला वार्निश दसरा झाल्यावर लावायचं ठरलं.

नवमीला गोरक्ष फाउंड्रीतल्या मशीनच्या पूजेला गेला. इकडे कुसाबाईनं विळे, खुरपी, कुदळी, करवती सगळं काढलं. वर्षातून एक दिवस हत्यारांनी आंघोळ करायची, त्यात पात्यांनीच काय घोडं मारलं होतं? तिनं ती चांगली चोळून धुतली, आणि चिकटलेला भुसा सुटावा म्हणून भिंतीला टेकवून टोकं पाण्याच्या घमेल्यात ठेवून झेंडू तोडून विकायला गेली. दसऱ्याचा बाजार तो. संध्याकाळीच परतली. पाती पुसली, हळदीकुंकू लावलं, माळ घातली, हात जोडले.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी गोरक्षानं पाती टांगली आणि उजवं सरळ खाली गेलं.

"असं कसं? परवा तर बरोबर होतं."

शेजारचा भिका तिथं पाती वर घ्यायचा दोर ओढायला आलेला. तो गोरक्षाला म्हणाला, "नाना, दसऱ्याची पुरणपोळी लागली वाटतं त्याच्या अंगाला!"

गोरक्ष हसला नाही. "माझाच हात चुकला. डाव्याच्या टोकाला शिशाची पट्टी लावतो. उद्या सकाळी आत बसून इंजिन चालू करतो."

कुसाबाई गोठ्यात शेण काढत होती. हातातलं शेण तसंच राहिलं. पहाटे पाणी मारलेला झेंडू तागडीत कसा भरतो आणि दुपारी कसा हलका होतो, ते तिला कुणी शिकवायला नको होतं. ते घमेलं! आज शिसं लावून तोल बसेल, पण चार उन्हं लागली की उजवं हलकं होईल, शिसं तसंच राहील, आणि हा माणूस त्याच्याखाली बसलेला असेल. सहा वर्षांचं काम आपण बिघडवलं हे सांगायचं कसल्या तोंडानं? गोरक्ष कधी हात उचलणारा नव्हता. पण नुसता गप्प बसला की घर खायला उठायचं.

सकाळी तो सीटवर बसून पट्टा आवळत होता, तेव्हा ती समोर जाऊन उभी राहिली.

"उतरा खाली."

"आता? का?"

"ते पातं पाणी प्यालंय. नवमीला धुतलं म्या. बाजारातून येईस्तोवर टोक घमेल्यात हुतं."

भिकानं इंजिन सुरू करायचा दोर हातातून सोडला. "वहिनी, साबण पण लावला का?"

"तू गप रे, भिका!"

गोरक्षानं पट्टा सोडला. मग उतरला, पातं काढलं, बोटाच्या पेरानं टोकापासून ठोकत गेला, पट्ट्यांचा सांधा कुठं सुटलाय का बघत. शेवटी शिशाची पट्टी काढून खिशात टाकली.

"चिकटलेलं हाय सगळं," म्हणाला. "वाळू दे. आता टांगतो, तूच बघत जा."

सतरा दिवस ती रोज सकाळी चुलीआधी शेडमध्ये जायची. उजवं खाली, उजवं थोडं खाली, उजवं उगीच खाली. अठराव्या दिवशी दांडी आडवी झाली, तरी तिनं आणखी चार दिवस कुणाला सांगितलं नाही. तोल तसाच राहिलेला बघून मगच वार्निश लावू दिलं.

दिवाळी झाल्यावर चारी कोपऱ्यांना साखळदंड बांधून गोरक्षानं मशीन चालू केलं. धुरळा उठला, म्हैस दावं तोडून पळाली, आणि सांगाडा एक वीतभर जमिनीवरून वर आला. थरथरला नाही.

"उचललं गं!" गोरक्ष ओरडला.

"दिसलं," कुसाबाई पदर दातांत धरून ओरडली. "आता गपगुमान खाली ठेवा."

त्यानं ठेवलं.