आकाश ओलं असताना

नाटक कंपनीत तिला सगळे पडदेबाई म्हणायचे. रंगमंचावरचे मागचे पडदे ती रंगवायची. महाल, जंगलं, आगबोटी, म्हणाल ते. पण तिचा हात खरा बसला होता तो आकाशावर. नट म्हणायचे, "बाई, तुमच्या आकाशाखाली आमचं वाईट कामही खपतं."

"म्हणून तर जरा मोठं काढते," ती म्हणायची.

आकाशाची एक अट असते. कापड जमिनीवर अंथरायचं आणि रंग ओला आहे तोवरच निळ्यातून पांढऱ्यात उतरायचं. मध्येच थांबलं की रंगाची कड वाळते, डाग धरतो, आणि तो कशानं म्हणून जात नाही. म्हणून पडदेबाईनं आकाशाला हात घातला की तिला कुणी हाक मारायची नाही, असा कंपनीचा रिवाजच पडला होता.

नवरा गेल्यापासून लेक शाळा सुटली की थेट थिएटरात यायची आणि बाल्कनीत दप्तर टाकून बसायची. तिथून खालचा पडदा अख्खा दिसे.

"कसं दिसतंय गं?" आई विचारायची.

"डावीकडे ढग नाही, उशी वाटतेय."

पोर आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आकाश अर्धं झालं होतं. वरून आवाज आला, "आई, पोटात दुखतंय."

"पड जरा. एवढं आकाश होऊ दे."

थोड्या वेळानं आणखी एक हाक आली. मग आलीच नाही. झोपली असेल, असं आईला वाटलं. दोन तासांनी तिनं ब्रश ठेवला, मान वर केली आणि विचारलं, "कसं दिसतंय?"

उत्तर आलं नाही.

कंपनीच्या सुतारकाकांनी पोरीला उचलून गाडीत घातलं. अपेंडिक्स फुटलं होतं. पोर वाचली, पण महिना दवाखान्यात काढावा लागला. सर्जन एवढंच म्हणाला, "दोन तास आधी आणलं असतं तर सोपं होतं." पोरीची आत्या मात्र बोलायचं ते बोललीच: "आकाश झालं ना पुरं? मग झालं."

पडदेबाईनं कंपनी सोडली आणि औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिली. कंपनीचा मॅनेजर दोनदा बोलवायला आला, दोनदा नुसता चहा पिऊन गेला. घरात रंगाचा विषय निघेना. शाळेनं पालकांना बोलावलं की पहिली ती हजर. लोक म्हणत, आई असावी तर अशी. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. अशी सतरा वर्षं गेली.

लेकीनं हात मात्र आईचाच घेतला होता. ती मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढू लागली. लग्न झालं, बाळ झालं. बाळ पाच महिन्यांचं असताना पडदेबाई लेकीकडे गेली, तर चित्रांचं टेबल रिकामं. ब्रश सुतळीनं बांधून कपाटावर टाकलेले.

"हे काय?"

"बंद केलं."

"जावईबापू काही बोलले?"

"तो बिचारा काय बोलतोय. त्याला अजून लंगोट नीट बांधता येत नाही."

"मग?"

लेक बाळाला थोपटत राहिली. "दोन्ही होत नाही, आई. तूच नाही का दाखवलंस? एकदा चूक झाली आणि तू कायमची उठलीस. दुकानातून घरी येतानाचा तुझा चेहरा मी रोज बघायचे."

पडदेबाई खुर्चीत बसली. "त्या दोन तासांत चुकले, ते आहेच," ती म्हणाली. "पण पुढची सतरा वर्षंही चूकच. तू हाक मारलीस तेव्हा उठायचं होतं. डाग पडला असता. दुसऱ्या दिवशी दुसरं कापड घेतलं असतं. एवढंच तर होतं."

"मग हे मला कधी सांगितलं का नाहीस? मला वाटायचं, माझ्यामुळे गेलं तुझं सगळं."

पडदेबाईनं बाळासाठी हात पुढे केले. ती म्हणाली, "दुपारी मी सांभाळते याला. चार तास. तू बस टेबलाशी."

"तुझ्या भरवशावर?"

शब्द निसटला. टोमणा नव्हता तो. लेकीनंच जीभ चावली. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"कळलं गं."

पडदेबाई उठली आणि दोरीवरची वाळलेली झबली काढून एकेकाची घडी घालू लागली. लेकीनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि धरून ठेवलं.