फोन लावणारी सर्व्हिस

"रामाभाऊ, पाणी सोडा! पाणी!" ऑपरेटर रोशनी कंट्रोल केबिनमधून ओरडत पंपशेडकडे धावली. पंपावरच्या रामाभाऊंनी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवला. रिॲक्टरचं चढलेलं तापमान हळूहळू उतरलं. प्लांटचे कॉम्प्युटर सांभाळणारा मी, कालच्या कामाचं बिल द्यायला आलेलो, केबिनच्या दारातच उभा होतो.

तारापूर एमआयडीसीतला छोटा केमिकल प्लांट. तापमान मर्यादेबाहेर गेलं, की केबिनमधला कॉम्प्युटर आपणहून पंपशेडच्या फोनवर रिंग देतो. आज ती रिंग गेलीच नव्हती.

मॅनेजर देसाई आले ते रामाभाऊंना केबिनमध्ये बोलावून त्यांच्यावरच घसरले. "झोपला होतास ना? उद्यापासून येऊ नकोस."

"जागाच हाय मी, सायेब. फोन वाजलाच नाय."

"मग काय, कॉम्प्युटर झोपला?"

कॉम्प्युटर फार स्लो झालाय म्हणून देसाईंनीच आदल्या दिवशी, प्लांटच्या साप्ताहिक सुट्टीला मला बोलावलं होतं. सर्व्हिस म्हणजे आपल्याला न दिसता मागे चालत राहणारा प्रोग्राम. ज्या रिकाम्या बसलेल्या दिसल्या, त्या मी बंद करत गेलो. फॅक्स, ब्लूटूथ. फोन लावणारी टेलिफोनीसुद्धा. कॉम्प्युटरवरून फोन कोण लावतो हल्ली? मशीन पळायला लागलं. देसाईंनी पाठ थोपटली, बोईसर स्टेशनपर्यंत गाडीने सोडलं.

प्लांटच बंद होता, तेव्हा त्या दिवशी कुठल्याच सर्व्हिसला काम नसणार, हे डोक्यात आलं नाही.

गप्प राहिलो असतो तर खपून गेलं असतं. मी तसा गप्पच माणूस. पण रामाभाऊंनी निघायच्या तयारीने हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं.

"साहेब, ती सर्व्हिस मी बंद केली. यांचा दोष नाही."

रोशनी मला म्हणाली, "सर, मंग चालू करा ना! बघताय काय?"

चालू केली. टेस्टचं बटण दाबलं. फोनलाइनला जोडलेल्या मोडेमचा दिवा लुकलुकला आणि लांब पंपशेडमध्ये फोन खणखणला. रामाभाऊ धावत गेले. "हॅलो! कोण बोलतंय?" इथपर्यंत ऐकू आलं. रोशनीला हसू आवरेना.

कितीतरी वर्षं ती सर्व्हिस एका वाईट क्षणासाठी नुसती कान देऊन बसली होती. कुणी तिचं नाव घेतलं नाही, कुणाला तिची आठवण नव्हती. आणि तिला रिकामटेकडी ठरवायला मला एक क्लिक पुरला.

देसाईंनी रामाभाऊंना ठेवलं, मला काढलं. बरोबरच केलं.

आता कुणी सुट्टीच्या दिवशी बोलावलं, तर मी सांगतो, प्लांट चालू असेल तेव्हा येतो.