बद्द वाजलेली कुंडी

नुसत्या चपलांचा आवाज ऐकून आजारी मनीप्लांटनं ताठ उभं राहावं, असा दरारा अख्ख्या नवी मुंबईत एकाच माणसाचा होता, आणि तो माणूस सानपाड्यात नेमका आमच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर राहत होता. हे काका मूळचे साताऱ्याकडचे. नोकरी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फिटरची. एका जागी बसायची मात्र त्यांना जन्मजात मनाई असावी. चहाला बोलावलं तर बशी एका हातात आणि दुसऱ्या हातानं आमच्या क्रोटनचं पान उलटं करून तपासणी सुरू. पानाच्या पाठीवर कापसासारखं काही दिसलं की "पिठ्या ढेकूण!" अशी आरोळी ठोकत, की वॉचमन काठी घेऊन वर धावे. तंबाखूचं पाणी हे त्यांचं जालीम औषध. तळमजल्यावरच्या जास्वंदीला त्यांनी ते इतकं पाजलं, की वेळेवर मिळालं नाही तर ती जांभया द्यायची. मी स्वतः पाहिलंय.

पण खरी विद्या त्यांच्या खिशातल्या छोट्या पान्यात होती. त्या पान्यानं मातीची कुंडी ठोकायची आणि कान लावायचा. "खणखण वाजली तर तहान लागलीय, बद्द वाजली तर पोट भरलंय. झाड हाय ते, म्हैस न्हाय! बादल्या काय ओतताय?" असं म्हणत ते सगळ्या सोसायटीला झापत.

त्या वर्षी गणपतीनंतर काकू गावी गेल्या. त्यांच्या आईनं अंथरूण धरलं होतं. बिल्डिंगमध्ये फोन आमच्याकडेच, त्यामुळे काकूंचा फोन आला की मी जिन्यात हाक मारायची आणि काका तीन-तीन पायऱ्या गाळत यायचे. काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय वो, तुळस कशी हाय?" कारण ते रोप त्यांच्या माहेरच्या वृंदावनातलं. "झकास!" काका एवढ्यानं ओरडत, की फोनची गरज नव्हती. आणि फोन ठेवला की चेहरा उतरे. तुळस पिवळी पडून माना टाकत होती.

"तिकडं म्हातारी अशी, आन् हिकडं ही वाळली, तर ती काय समजंल?" ते माझ्या आईला म्हणाले. बिचाऱ्या तुळशीवर साबण झाला, ताक झालं, राख झाली, कडुनिंब झाला. शेवटी आई हातातलं लाटणं घेऊन तशीच वर गेली आणि तिनं कुंडी ठोकली. बद्द!

"भावजी, पाणी किती घालता?"

"तांब्याभर. आंघोळ झाल्यावर. रीतच हाय." मग जरा चुळबूळ करून, "हिच्या वाटचाबी एक घालतो, खंड नको." मग आणखी हळू, "फोन आला की एक. न्हाय आला की एक."

"मग ती काय म्हैस आहे?" आई म्हणाली.

काकांनी रोप उपटलं, कुजलेली काळी मुळं कापली, विटांचे तुकडे आणि कोरडी माती घालून पुन्हा लावलं. आता औषध एकच, हात न लावणं. तांब्या आईनं आमच्या कपाटात कोंडला. मग त्या रिकाम्या हातांनी आमचं घर धरलं. नळ इतका आवळला, की पाणी हवं तेव्हा त्यांनाच बोलवावं लागे. कुकरची शिट्टी अशी साफ केली, की आमचा भात झाल्याचं ऐरोलीला कळे. दर थोड्या वेळानं विचारत, "वहिनी, जाऊन नुसता बघून येऊ?"

म्हातारी गेली. तेरावं उरकून काकू परतल्या, त्या पिशवी खांद्यावर तशीच ठेवून थेट गॅलरीत. खोडाला दोन जांभळट पानं फुटली होती. काकूंनी त्यांना बोट लावलं. "आईच्या अंगणातली आता एवढीच," म्हणाल्या आणि खाली बसल्या. काकाही शेजारी बसले. आणि उठले नाहीत! मी प्रथमच त्यांना बसलेलं पाहत होतो. बऱ्याच वेळानं त्यांनी पाना काढून कुंडीवर हलकेच वाजवला. खणखणीत.

"तहान लागलीय तिला," ते म्हणाले, आणि आईनं आणून दिलेला तांब्या त्यांनी काकूंच्या हातात दिला.

पुढं काका रिटायर झाले आणि दोघं गावी गेली. वर आता फार शांत माणसं राहतात. आमचा मनीप्लांट मात्र अजून छताकडेच वाढतो. लोक म्हणतात, उजेडासाठी. म्हणोत बापडे.