दुसऱ्या रांगेतले देव

फौजेनं निकालात काढलेला ट्रक मी लिलावात घेतला, तेव्हा आमच्या गल्लीत दोन तट पडले. एक तट म्हणे, रिटायर झाल्यावर माणसाचं डोकं फिरतं. दुसरा म्हणे, याचं आधीपासूनच फिरलेलं होतं. दुसऱ्या तटात माझी बायको होती.

साध्या फौजी ट्रकला पुढे दोन-तीन माणसांपुरती जागा आणि मागे ताडपत्री असते. हा चार दारांचा होता. केबिनमध्ये सीटांच्या दोन रांगा आणि त्यामागे वेगळी, मोकळी बॉडी. असा डबल केबिनचा ट्रक लिलावात सहसा येतच नाही. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इथे ग्वाल्हेरला घोड्यावरून आले, आणि मी वीज खात्यात सारा जन्म खुर्चीवर काढला. ट्रक पाहिला आणि माझ्यातला घोडेस्वार उठून बसला. मागे बिछाना, ओटा, पाण्याची टाकी बसवायची आणि देश हिंडायचा, असं मी ठरवून टाकलं.

खरं सांगतो, ती माझी हौस होती. आईचं नाव मी नंतर पुढे केलं.

आई ब्याऐंशीची. तिच्या मनात एकच गोष्ट उरली होती, देवांना जेजुरीला न्यायची. आमच्या देवघरात कुळस्वामीचे चांदीचे टाक आहेत, म्हणजे छोट्या पत्र्यांवर उठवलेल्या मूर्ती. ते कधीमधी मूळ ठाण्याला नेऊन थोरल्या देवाला भेटवून आणायचे असतात. आजोबा ‘पुढच्या वर्षी’ म्हणत गेले, वडीलही तेच म्हणत गेले. आईला ती भेट स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची होती. रेल्वेत लोकांच्या पायांशी देव ठेवायला ती तयार नव्हती, आणि मोटारीत तिचे गुडघे अर्ध्या तासात आखडत. ट्रकच्या दुसऱ्या रांगेत मात्र पाय लांब करून बसता येत होतं.

"तुला आणि देवांना, दोघांनाही नेतो," मी म्हणालो. त्या दिवसापासून ती शिंदे की छावनीतल्या आमच्या घराच्या खिडकीत बसून ट्रककडे बघायची. भाजी निवडताना तिची नजर भाजीवर नसायचीच.

कागदपत्रांत वर्ष गेलं. मग पडाव भागातल्या एका मिस्त्रीकडे मागची बॉडी बांधून घेतली. मी रोज तिथे जाऊन त्याचं डोकं खायचो. सीट तयार झाल्यावर आईला बसवून पाहिलं आणि माझी अक्कल ठिकाणावर आली. केबिनची पायरी तिच्या कमरेपर्यंत येत होती. मी, बायको, मिस्त्री आणि त्याचा भाऊ अशा चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून वर घातलं. उतरवताना ती अर्ध्यात अडकली. आधी हसली, मग घाबरून तिनं माझी कॉलर धरली. एकदा चढणं आणि एकदा उतरणं जमलं असतं. पण तिला दिवसातून सात-आठ वेळा बाथरूमला जावं लागतं, आणि रस्ता तीन दिवसांचा. दर वेळी चार माणसं कुठून आणणार?

तेव्हा मला ती नामी युक्ती सुचली. केबिनची मागची भिंत कापायची आणि तिथून सरळ मागच्या बॉडीत जायची वाट करायची. गाडी उभी केली की आईनं सीटवरून उठायचं, कठडा धरून चार पावलं टाकायची, की बाथरूम. रात्री तिथेच बिछाना. चालत्या गाडीत मागे बसलं तर हाडं खिळखिळी होतात, म्हणून दिवसा तिनं पुढेच बसायचं. कमोड मी मुद्दाम वाटेच्या अगदी समोर बसवून घेतला. आईला काही सांगितलं नाही. म्हटलं, एकदम दाखवू.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. गाडी दारात आणली, चौघांनी तिला पुन्हा वर चढवलं. तिनं सीटवर हात फिरवला, खूश झाली. मग मागे वळून पाहिलं.

"हे भोक कशाला केलंस रे?"

"तुझ्यासाठी, आई! उतरायलाच नको. इथून सीधं मागे जायचं."

"आणि देव कुठे बसतील?"

"तुझ्या शेजारी."

तिनं त्या वाटेतून समोर पाहिलं. पांढरा स्वच्छ कमोड.

"मग नाही जमणार," ती म्हणाली. "इकडे देव आणि समोर संडास? बिलकुल नाही."

"अगं, घरातही आहेच की!"

"घरात मध्ये भिंत आहे, दोन दरवाजे आहेत. इथे तू भिंतच काटून टाकलीस."

मी पडदा लावतो म्हणालो. सरकतं दार लावतो म्हणालो. आमच्या गुरुजींना फोन लावून दिला; त्यांनी प्रवासात एवढं चालतं असं स्वच्छ सांगितलं. फोन ठेवून आई म्हणाली, "चालत असेल. त्यांच्या देवांना चालत असेल."

मग मात्र माझं टाळकं सरकलं. भर गल्लीत मी ओरडलो, की वर्षभर मी खस्ता खाल्ल्या त्या कुणासाठी? ती सीटवर पाय लांब करून ऐकत राहिली. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "तू परेशान नको होऊ. मी कुठे मना करते? भिंत लावून घे आणि देवांना ने. त्यांनी फार वाट पाहिली. मी इथेच बरी आहे."

वाट ठेवली तर देव जाणार नव्हते, आणि बुजवली तर आई जाणार नव्हती. तीन दिवस मी त्या भोकासमोर नुसता बसून राहिलो. एवढ्या मोठ्या ट्रकची इंच न् इंच मापं मी घेतली होती, आणि आईला एक साधा प्रश्न विचारला नव्हता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

मिस्त्री पत्रा धरून म्हणाला, "बाबूजी, इतनी सफाई से काटा था हमने. अब अम्माजी कैसे जाएँगी?"

"तुम वेल्डिंग करो," मी म्हणालो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.

निघायच्या सकाळी देवांचा डबा बायकोनं आईच्या सीटवर ठेवला; ती आईजवळ घरीच राहणार होती. आईनं खालून उभ्या उभ्या सगळं सांगितलं: डब्याखाली धुतलेलं धोतर घाल, पट्टा असा आवळ, अजून थोडा. तो पट्टा मी तिच्यासाठी बसवला होता.

"हळू चालव," ती मला म्हणाली. "त्यांना सवय नाही."

मी हळू चालवली. जेजुरीला भेट झाली. आईसाठी फोनवर व्हिडिओ काढायचा होता, पण गर्दी अशी रेटत होती आणि दोन्ही हातांत देव होते. फोन काढायला तिसरा हात नव्हता. परत आल्यावर मी तिला वाटेत पहिल्यांदा लागणाऱ्या शिवपुरीपासून जेजुरीपर्यंत सगळं बोलून सांगितलं. तिनं ते तीनदा ऐकलं, आणि तिन्ही वेळा शेवटी विचारलं, "अजून?" माझ्याकडे अजून काही नव्हतं.

देव देवघरात बसले. तिनं कपाळाला भंडारा लावला. मग हळूच म्हणाली, "मला एकदा त्या मागच्या बिछान्यावर निजव ना."

मिस्त्री आणि त्याचा भाऊ आले. मागच्या दारानं खुर्ची वर चढवली. प्रवासात मी रात्री पुढे देवांजवळच झोपायचो, त्या बिछान्यावर कोणी झोपलं नव्हतं. चादरीची घडी तशीच होती. आई आडवी झाली. गाडी दारातच उभी होती.

"चालू कर जरा," ती म्हणाली.

मी पुढे जाऊन इंजिन चालू केलं आणि मागे येऊन तिच्या पायांशी बसलो. बिछाना थरथरत होता. तिनं डोळे मिटले होते आणि कठडा घट्ट धरला होता. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "शिवपुरी आली का रे?"

"आली," मी म्हणालो.